करमाडपूर्वीचे सव्वीस तास

७ मे २०२०, पहाटे ३. सव्वीस तास बाकी

विशाखापट्टणममध्ये एल. जी. पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडते आणि शेजारच्या वेंकटापुरम वस्तीत झोपलेली माणसं अंथरुणातच गुदमरतात. टाळेबंदीत थंडावलेला कारखाना पुन्हा सुरू व्हायच्या बेतात होता. दिवस मावळायच्या आत तमिळनाडूत नेवेलीच्या वीज केंद्रात बॉयलरचा स्फोट झाला, तर छत्तीसगडच्या रायगडमध्ये कागद कारखान्यात वायूबाधा होऊन मजूर रुग्णालयात गेल्याची बातमी आली. त्या गुरुवारी देशभर एकच चर्चा होती: बंद पडलेले कारखाने उघडताना काय काळजी घ्यायची. चर्चा आवश्यकच होती. पण ज्या मजुरांचं काम सुरूच होत नव्हतं आणि ज्यांना घरीही जाता येत नव्हतं, त्यांच्या जिवाची जबाबदारी कोणाकडे, हा विषय सुरक्षेच्या चर्चेत आला नाही. तो ‘स्थलांतरितांचा प्रश्न’ म्हणून वेगळ्या खात्यात गेला. करमाडजवळच्या रेल्वे अपघातापर्यंतचे पुढचे सव्वीस तास समजून घ्यायचे तर आधी हे खाते वेगळे कसे पडले ते पाहावं लागतं.

७ मे, सकाळी ८. एकवीस तास बाकी

जालना. राज्यभरातल्या बांधकामांना लोखंडी सळया पुरवणारं हे गाव. औद्योगिक वसाहतीत भट्ट्या आहेत, रोलिंग मिल आहेत, आणि त्यांच्या आसपास मजुरांच्या खोल्या आहेत. पोलाद उद्योगातला परप्रांतीय मजूर बहुधा ठेकेदारामार्फत येतो. गावाकडचा कोणीतरी ओळखीचा माणूस दहा-वीस जण गोळा करतो, ठेकेदाराकडे पोहोचवतो, आणि पुढे पगार, उचल, खोली, सुट्टी सगळं त्या साखळीतून चालतं. कारखान्याच्या कार्यालयात कामगारांचा आकडा असतो, नावं असतातच असं नाही.

यांतलेच वीस जण मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया या आदिवासीबहुल जिल्ह्यांतले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. आधी एकवीस दिवस, मग ३ मेपर्यंत, मग १७ मेपर्यंत. काम थांबलं, हातातले पैसे संपत गेले. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला होता की टाळेबंदीच्या काळातलं वेतन मालकांनी न कापता द्यावं आणि घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये. त्याच आदेशात मजुरांनी जिथे आहेत तिथेच थांबावं आणि राज्यांनी सीमा बंद कराव्यात असंही होतं. थांबवण्याचा भाग नाक्यानाक्यावर पोलिसांनी अमलात आणला. वेतनाचा भाग अमलात येतोय की नाही, हे पाहायला नाक्यावर कोणी उभं नव्हतं.

खरं तर अशा मजुरांसाठी स्वतंत्र कायदाच होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, १९७९. पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर ठेकेदारामार्फत आणले की तो लागू व्हायचा. ठेकेदाराने परवाना घ्यायचा, पंधरा दिवसांत मजुरांचा तपशील दोन्ही राज्यांना कळवायचा, प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, राहायला जागा आणि फुकट औषधोपचार द्यायचे. विस्थापन भत्ता द्यायचा, आणि प्रवास भत्ताही द्यायचा, गावाहून कामावर यायचा आणि कामावरून गावी परत जायचा. ठेकेदाराने टाळलं तर वेतन आणि भत्ते मूळ मालकाने द्यायचे आणि नंतर ठेकेदाराच्या बिलातून वळते करायचे.

या कायद्यातलं कलम १५ मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. प्रवासाच्या काळात मजुराला ‘जणू तो कामावर आहे’ असं समजून वेतन द्यावं, असं त्यात लिहिलेलं होतं. घराचा रस्ता हा कामाचाच भाग, असं आपल्या संसदेने १९७९ मध्येच मान्य केलं होतं. हा कायदा नीट राबवला असता तर मार्च २०२० मध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात यादी तयार असती: कोण, कुठला, कोणाकडे. यादी असती तर गाडीत कोणाला आधी बसवायचं हे ठरवता आलं असतं. ती नव्हती, म्हणून मजुरांनाच अर्ज करावे लागले.

७ मे, दुपारी २. पंधरा तास बाकी

श्रमिक विशेष गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या. पहिली तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडमधल्या हटियाला गेली. त्यात बसायचं तर अर्ज, वैद्यकीय दाखला, मग दोन्ही राज्यांची संमती. जालन्याच्या मजुरांपैकी वाचलेल्यांनी नंतर सांगितलं की त्यांनी आठवडाभरापूर्वीच पाससाठी अर्ज केला होता आणि काहीच उत्तर आलं नव्हतं.

त्या आठवड्यात राजकारण तापलं होतं ते भाड्यावरून. मजुराचं तिकीट केंद्राने काढायचं, राज्याने, की पक्षाने? वाहिन्यांवर रात्र-रात्र वाद झाले. भाडं ठेकेदाराने द्यायचं आणि त्याने न दिल्यास मूळ मालकाने, हे उत्तर १९७९ पासून कायद्यात छापलेलं होतं. ते मोठ्याने सांगणारा मंत्री किंवा विरोधी नेता माझ्या पाहण्यात आला नाही.

बंगळुरूत ५ मेला बांधकाम व्यावसायिक मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. मजूर निघून गेले तर बांधकामं ठप्प होतील, ही त्यांची चिंता. पाठोपाठ कर्नाटक सरकारने रेल्वेला गाड्या रद्द करायला सांगितलं. टीका झाली, आणि ७ तारखेला सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. मजुराने थांबावं असं वाटणं गैर नाही; पण दीड महिना पगार, राशन आणि औषधपाणी व्यवस्थित मिळालं असतं तर बरेचसे आपणहून थांबले असते. साइटवरच्या माणसाला धरून ठेवायचा तो एकच सरळ मार्ग आहे, गाडी रद्द करणं नव्हे.

त्याच ७ तारखेला भोपाळमध्ये मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी उद्योगांना कामगार कायद्यांतून सवलती देण्याची घोषणा केली. उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने आदल्याच दिवशी बहुतेक कामगार कायदे तीन वर्षांसाठी स्थगित करणारा अध्यादेश मंजूर केला होता. जालन्याच्या खोल्यांमधले वीस जण ज्या राज्यात परतू पाहत होते, त्या राज्यात त्या दिवशीची बातमी ही होती.

७ मे, संध्याकाळी ७. सव्वादहा तास बाकी

वीस जण निघतात. गाडी औरंगाबादहून मिळेल, नाहीतर भुसावळहून, अशी ऐकीव माहिती. (शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं.) जालना ते औरंगाबाद साठेक किलोमीटर, भुसावळ धरलं तर दीडशेच्याही पुढे. मराठवाड्यातला मे महिना असल्याने दिवसा चालणं अशक्य, म्हणून संध्याकाळ निवडली. सोबत कपड्यांच्या पिशव्या आणि रात्रीपुरत्या रोट्या भाजून बांधून घेतलेल्या.

निघण्यापूर्वी ते कोणाला सांगून गेले असतील? हा प्रश्न सुरक्षा व्यवस्थापनाच्या दृष्टीने साधा आहे. कोणत्याही शहाण्या प्रकल्पावर फाटकातून आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या माणसांचा हिशेब असतो. पाळी संपल्यावर एक माणूस कमी भरला तर शोध सुरू होतो. इथे एका वेळी वीस माणसं कमी झाली, आणि ती वाटेत कुठे पोहोचली हे विचारणारा फोन करणं कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हतं.

७ मे, रात्री १०. सव्वासात तास बाकी

सुरुवातीला ते रस्त्याने चालतात. जालना–औरंगाबाद रस्ता एरवी रात्रभर ट्रकांनी वाहता असतो. तेव्हा तो सुनसान होता आणि त्यावर पोलिसांचे नाके होते. नाक्यावर अडवलं तर परत पाठवणार, ही भीती. बदनापूरच्या आसपास त्यांनी रस्ता सोडून रेल्वेमार्ग धरला. देशभरातल्या हजारो मजुरांनी त्या दिवसांत हेच केलं, कारण रुळावर नाका नसतो, रस्ता चुकत नाही, आणि गाड्या बंद आहेत असं सगळ्यांनाच वाटत होतं.

बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. धान्य, कोळसा, पेट्रोल वाहणाऱ्या मालगाड्या टाळेबंदीत एक दिवसही थांबल्या नव्हत्या. रेल्वेच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट होती आणि ती वारंवार सांगितलीही जात होती. ती इंग्रजी-हिंदी पत्रकांतून शहरांपर्यंत पोहोचली. रुळाकाठच्या वाटसरूपर्यंत पोहोचवायची तर फाटकावर माणूस उभा करून ओरडून सांगावी लागली असती. धोक्याची माहिती धोक्याच्या जागी, त्या माणसाला कळेल अशा बोलीत मिळाली पाहिजे, हा साइट सुरक्षेचा पहिला नियम आहे.

८ मे, रात्री १. सव्वाचार तास बाकी

त्या रात्री बुद्धपौर्णिमा होती.

रुळांवरून चालणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. एका किलोमीटरला साधारण सोळाशे स्लीपर, म्हणजे दोन स्लीपरमध्ये जेमतेम दोन फूट अंतर. माणसाचं नैसर्गिक पाऊल त्याहून थोडं मोठं असतं. एकेका स्लीपरवर पाय टाकला तर चाल आखूड पडते, एक सोडून पुढच्यावर टाकला तर उडी मारावी लागते. मध्ये पाय पडला तर खडी. धारदार, सैल, घोट्याला पिरगाळणारी. चप्पल असेल तर ती तळव्यापासून सुटत राहते. बाजूच्या भरावावर उतरावं तर तिथेही उतार आणि खडीच. म्हणून चालणारा शेवटी रुळांच्या मधोमध येतो, नजर पायांवर ठेवतो, आणि डोकं वर काढायचं विसरतो. तास-दोन तासांनी पोटऱ्या दगडासारख्या होतात.

कारखान्यात आठ तासांच्या कामाला जेवणाची सुट्टी सक्तीची आहे. सलग किती तास काम करून घ्यायचं याला मर्यादा आहे. ती मर्यादा यंत्रासाठी नाही. थकलेल्या माणसाला धोका ओळखू येत नाही म्हणून आहे. हे वीस जण रात्रभर चालत होते आणि त्यांना बसवणारा कोणी मुकादम नव्हता.

८ मे, पहाटे ४. सव्वा तास बाकी

करमाडच्या अलीकडे, सटाणा शिवार. पस्तीस-चाळीस किलोमीटर झालेले. पाय पुढे टाकणं अशक्य झाल्यावर ते थांबतात. बहुतेक जण रुळांवरच आडवे होतात. तिघे थोड्या अंतरावर बाजूला बसतात.

‘रुळावर झोपायचं कशाला?’ हा प्रश्न नंतर फार जणांनी विचारला. त्या भागात मे महिन्यात भरावाखाली नांगरून टाकलेली ढेकळांची शेतं, काटेरी झुडपं, साप-विंचवाची भीती. कोरडी, मोकळी जागा म्हणजे रूळच. आणि गाडी येणार नाही ही पक्की समजूत. थकव्याने ग्लानी आलेल्या माणसाने त्या परिस्थितीत जे केलं ते समजण्यासारखं आहे, आणि ज्याला समजून घ्यायचं नाही त्याने निदान रात्रभर खडीवरून चालून पाहावं.

याच सुमारास एक मालगाडी त्यांच्या मागून येत होती. हैदराबादजवळच्या चेर्लापल्लीहून मनमाडजवळच्या पानेवाडीला निघालेली, पेट्रोलियमच्या रिकाम्या टाक्यांची. परभणी, मग तेच जालना, तेच बदनापूर.

८ मे, पहाटे ५ वाजून १५ मिनिटांच्या सुमारास

सूर्योदयाला अजून अर्धा तास. चालकाला समोर माणसं दिसली. त्याने भोंगा वाजवला, ब्रेक लावले. मालगाडी ब्रेक लागल्यावरही शेकडो मीटर पुढे घसरत जाते. बाजूला बसलेले तिघे ओरडले. औरंगाबाद ग्रामीणच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक मोक्षदा पाटील यांनी नंतर माध्यमांना सांगितलं की त्यांनी साथीदारांना उठवायचा प्रयत्न केला. गाडी अंगावरून पुढे गेल्यावर थांबली.

चौदा जण जागीच गेले. दोघांनी नंतर प्राण सोडला. एक जखमी, तिघे वाचले.

रुळांवर रोट्या पडल्या होत्या. काही गोल, अखंड; कडांना भाजल्याचे काळे डाग असलेल्या. शेजारी चपला, तोंडाला बांधायचे रुमाल, फाटलेल्या पिशव्या. सकाळी आलेल्या छायाचित्रकारांनी ते टिपलं आणि दुपारपर्यंत ते चित्र देशभर गेलं.

८ मे, दिवसभर

शवविच्छेदन औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात. रेल्वेने चौकशी जाहीर केली. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली. मृतांत शहडोलचे अकरा आणि उमरियाचे पाच. संध्याकाळी त्यांचे मृतदेह विशेष गाडीने जबलपूरकडे रवाना झाले. पाससाठी आठवडाभर न हललेली यंत्रणा बारा-चौदा तासांत गाडी उभी करू शकते, हे त्या संध्याकाळी सिद्ध झालं, आणि मला त्याचा आजही संताप येतो.

त्यानंतर

१५ मेला सर्वोच्च न्यायालयासमोर स्थलांतरितांची याचिका आली तेव्हा, लोक रुळावर झोपले तर कोणी कसं थांबवणार, अशी विचारणा खंडपीठाने केली. त्याच न्यायालयाने २६ मेला स्वतःहून दखल घेतली आणि २८ मेला मजुरांकडून भाडं घेऊ नये असा आदेश दिला. करमाडच्या मृतांच्या कुटुंबांना मृत्यूच्या दाखल्यासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागल्याच्या बातम्या येत राहिल्या. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय कामगार मंत्रालयाने लोकसभेत सांगितलं की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले याची आकडेवारी उपलब्ध नाही.

त्याच महिन्यात संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९७९ चा कायदा तिच्यात विरघळला. नव्या संहितेत काही चांगलं आहे: ठेकेदाराशिवाय स्वतःच्या पायांनी परराज्यात कामाला आलेला मजूरही आता स्थलांतरित कामगार ठरतो, आणि ठेका कामगारांच्या सोयींची जबाबदारी थेट मूळ मालकावर आहे. गावी जाण्या-येण्याच्या भाड्याची वार्षिक तरतूदही राहिली. पण पूर्वी पाच मजुरांना लागू होणारं संरक्षण आता दहापासून सुरू होतं, आणि विस्थापन भत्ता गेला.

करमाडचे मजूर कायद्याच्या भाषेत बांधकाम कामगारही नव्हते. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने नोंदणीकृत कामगारांच्या खात्यात दोन हजार रुपये टाकले; सळया बांधणाऱ्याला ते मिळण्याची सोय होती, सळया ओतणाऱ्याला नव्हती. आणि बांधकामावरच्या मजुराचा प्रवास तरी कुठे सुरक्षित आहे? २० ऑगस्ट २०२१ रोजी बुलडाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळया भरलेल्या होत्या आणि त्यांच्यावर मजूर बसवले होते; तेरा जण मेले. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री याच महामार्गावर शहापूरजवळ गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळून वीस जणांचा जीव गेला, तेव्हा निदान गुन्हा संबंधित कंत्राटदारांवर दाखल झाला, कारण मृत्यू साइटवर झाला होता. टिप्परमधले आणि रुळावरचे मृत्यू ‘वाहतूक अपघात’ झाले. प्रकल्पाच्या फलकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ लिहिलेलं असतं, त्या आकड्यात साइटच्या बाहेर मेलेला मजूर मोजला जात नाही. हा हिशेब चुकीचा आहे. ज्या कामासाठी माणूस हजार किलोमीटर आणला, त्या कामाच्या सुरक्षेत त्याला परत पोहोचवणं आलंच पाहिजे.

करमाडपासून शहराकडे येताना शेंद्रा लागतं. शेंद्रा आणि बिडकीनच्या औद्योगिक नगरीत आज मोठमोठे कारखाने उभे राहत आहेत आणि ते उभारणारे हात बहुतेक परजिल्ह्यातले, परराज्यातले आहेत. तिथल्या मालकांना, प्रकल्प सल्लागारांना, आणि आपल्या सोसायटीच्या रंगकामाला ठेकेदार लावणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. कंत्राटात हेल्मेट आणि सेफ्टी बेल्टच्या कलमांखाली आणखी तीन गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक मजुराचं नाव, गाव आणि घरचा फोन असलेली यादी पहिल्या दिवशी मिळेल, काम अचानक थांबलं तरी ठरावीक दिवसांचं वेतन आणि जेवण मिळेल, आणि परतीचं तिकीट ठेकेदार काढेल, त्याने न काढल्यास आम्ही काढू. मजूर दहापेक्षा कमी असले तरी लिहून घ्या. आणि पहिलं बिल देण्यापूर्वी ती यादी मागा.